तिळगूळ न घेतलेली संक्रांत

संक्रांत जवळ आली की मला माझ्याच तोंडाची धास्ती वाटायला लागते. आमच्या चितेगावच्या चाळीत पोरी दुपारपासून डबे घेऊन दारोदार हिंडतात. "काका, तिळगूळ घ्या, गोड बोला." मी दार अर्धंच उघडतो आणि हात पाठीमागे बांधून उभा राहतो. जुन्या पोरी नव्या पोरींना सांगतात, "हे काका नाय घेत, चल गं." पलीकडच्या खोलीतली बाई एकदा माझ्या तोंडावर म्हणाली होती, "लई कडू माणूस हाय बाई ह्यो." मी म्हटलं, आहे. कडू आहे म्हणून टिकलोय. गोडाला मुंग्या लागतात.

हा सण मला आवडत नाही, हे मी लपवत नाही. वर्षभर ज्यानं तुमच्याकडं धड बघितलं नाही तो त्या दिवशी तुमच्या तळहातावर चार दाणे ठेवतो आणि सांगतो, गोड बोला. म्हणजे मी जे बोललो ते विसरा, आणि तुम्ही मात्र आता बोलू नका. बरं, ते एका दिवसावर भागत नाही. रथसप्तमीपर्यंत चालतं. कागदाच्या पुड्या, चिकट बोटं आणि चिकट शब्द. आमच्या गावीही संक्रांत व्हायची, पण तिथं कुणी कुणाची जीभ बांधून घेत नसे.

माझं गाव इथलं नाही. गडचिरोलीच्या पुढं, झाडीपट्टीत. तिथं रस्त्यावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंनी झाड दिसतं. इथं पैठण रोडवर उभं राहिलं की दोन्ही बाजूंनी नुसतं आभाळ, आणि त्याच्याखाली कंपन्यांचे पत्रे. थंडीतला इथला वारा कोरडा, भांडखोर. ओठ फाडतो, टाचा फाडतो आणि मग फाटलेल्या जागी धूळ भरतो. पहिल्या थंडीत मी रोज सकाळी ठरवायचो की आज बॅग भरायची. भरली नाही, कारण जायला तिकडं काही नव्हतं. आठवीच्या पावसाळ्यात नदीला पूर आला तेव्हा शाळा पलीकडं राहिली आणि मी अलीकडं. पूर उतरला तोवर मी तेंदूपत्त्याच्या गोदामावरच्या मुकादमाच्या हाताखाली लागलो होतो. त्यानंतर मी कुठंही गेलो तरी पलीकडं काहीतरी राहिलेलंच असतं.

तर, ज्या संक्रांतीबद्दल मला सांगायचंय ती चितेगावच्या पुढच्या एका बियरच्या कंपनीतली. कंपनीचं नाव सांगत नाही, आणि विचारूही नका. तिशी उलटल्यावर मी तिथं बाटल्यांच्या लाईनवर लागलो होतो. एक बाटली हातात फुटली आणि तळहात चिरला. ठेकेदार म्हणाला, घरी जा. तेव्हा लॅबमधून एक बाई बाहेर आली, पन्नाशीची, पांढरा कोट, डोक्यावरून ओढणी, पायात रबरी बूट. तिनं हात धुतला, पट्टी बांधली आणि पट्टी बांधता बांधता विचारलं, "खर्रा खातोस?"

"नाय."

"तंबाखू? गुटखा? सुपारी तरी?"

"नाय."

"झाडीपट्टीतला माणूस आणि खर्रा नाय? दात दाखव."

बैलबाजारात दाखवावेत तसे मी दात दाखवले. माझ्या थोरल्या भावाचं तोंड खर्ऱ्यानं मिटत गेलं ते पुन्हा उघडलं नाही. मी त्याला पातळ पेज पाजलेली आहे. त्यामुळं माझे दात पांढरे राहिले. एवढ्याच गुणावर त्या बाईनं, नसरीन आपानं, मला चाखणीच्या पॅनलवर घेतलं. हुशारी नाही, शिक्षण नाही, नाकसुद्धा विशेष नाही. अख्ख्या कंपनीत साफ तोंडाची माणसं मोजकी होती, त्यातला मी एक. रोज सकाळी ग्लास धुवायचे, पुसायचे, आणि मग पॅनलबरोबर बसून घोट तोंडात फिरवून काय वाटलं ते बोलायचं. बोललो की आपा लिहून घ्यायची. आयुष्यात माझं बोलणं कुणी लिहून घेतल्याची ती पहिली वेळ.

उपकार फार अवघड वस्तू आहे. शिवी देणाऱ्याला शिवी परत करता येते. उपकार करणाऱ्याला काय परत करायचं? मी आपाच्या समोर आलो की माझी मान आपोआप खाली जायची, आणि त्या मानेचा मला राग यायचा. मग तो राग मी ग्लासांवर काढायचो. इतके घासायचो की आपा म्हणायची, "अरे, काच है वो, तेरा दुश्मन नई."

आपाच्या घरची शहरात, शहागंजात, सुक्या मेव्याची पेढी होती. अजून आहे. बाप, भाऊ, सगळे त्या पेढीवर, आणि ही शिकून बियरच्या कंपनीत. मोहल्ल्यात तिला काय काय ऐकून घ्यावं लागत असेल ते ती सांगायची नाही, आणि कंपनीत काय ऐकावं लागतं ते मी बघतच होतो. ती घोट कधी गिळायची नाही. तोंडात घ्यायची, फिरवायची, बेसिनमध्ये थुंकायची, चूळ भरायची. "बनवणं माझं काम. पिणं नाय," म्हणायची. पॅनलला शिकवायला ती पेढीवरून पुड्या आणायची. काळी मनुका, बेदाणा, खारीक, अंजीर, जर्दाळू. एकेक हुंगायला लावायची. "डोळे मिट. आता सांग. मनुका की खारीक?" मी चुकायचो. भानुदास, टाक्यांवरचा ऑपरेटर, मुद्दाम चुकायचा म्हणजे पुन्हा खायला मिळेल.

हा सगळा मेवा कशासाठी, तर एका टाकीसाठी. शेवटच्या ओळीतली, कोपऱ्यातली टाकी. आपानं साहेबांच्या मागं लागून लागून एकदाच परवानगी मिळवली होती आणि आदल्या थंडीत त्या टाकीत बार्लीवाईन घातली होती. नावात वाईन असली तरी ती बियरच. फक्त मोड आणून वाळवलेला सातूचा माल्ट दुपटीनं घ्यायचा, पाणी आटेपर्यंत उकळत ठेवायचं, गुऱ्हाळात रस आटवतात तसं, आणि कायदा जेवढी कडक करू देतो तेवढी कडक करायची. मग ठेवून द्यायची. महिनोन् महिने. आमच्या लाईनवरची बियर आज भरली की आठवड्यात ढाब्यावर जायची. ही मात्र अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा अंधारात बसून होती. भानुदास तिला 'गाभण म्हैस' म्हणायचा. "खाती बी नाय, देती बी नाय, नुसती जागा अडवून बसलीय."

मला ती पहिल्यापासून आवडली नाही. तिचे नखरेच फार. इकडं लोकांना बियर म्हणजे बाटलीला घाम फुटला पाहिजे, घशाला चटका बसला पाहिजे, ग्लास एका दमात रिकामा झाला पाहिजे. हिला गार करायचं नाही. गार केली की मुकी होते. पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा छोटा ग्लास, तो तिसरा हिस्साच भरायचा, आणि तळहातात धरून बसायचं. "हाताची ऊब दे तिला," आपा म्हणायची, "घाई नक्को. नाक आधी. जीभ मागून." मला वाटायचं, पिण्याची वस्तू आहे की नवी नवरी?

दिवाळीनंतर आपानं टाकीच्या नळीतून पहिल्यांदा थोडी काढली आणि ग्लास माझ्या हातात दिला. रंग जुन्या तांब्याच्या घंगाळासारखा. हलवली की काचेला धरून राहायची, सावकाश उतरायची. मी नाक घातलं. आणि मला राग आला.

वास आमच्या अंगणाचा होता.

चैतात आमच्याकडं मोहाची फुलं पडतात. पहाटे टोपल्या घेऊन वेचायची, अंगणात सारवलेल्या जमिनीवर वाळत घालायची. पहिले दोन दिवस ती पिवळी, रसाळ असतात. मग उन्हानं तांबूस होतात, सुरकुततात, आणि सगळ्या घराला एक वास धरतो. मनुकेचा, गुळाचा, थोडा आंबूस, थोडा जनावराच्या अंगासारखा ऊबदार. माझी आत्या त्या ढिगापाशी बसून पाखरं हाकायची. वाळलेली फुलं भाजून-कुटून त्यांची लाटोळी करायची, भाकरी करायची, आणि हो, भट्टीही लावायची. सणाला, बारशाला, मयताला. आणि दर वर्षी कधीतरी दारूबंदीवाल्यांची जीप यायची. मडकी फोडायची. काठीनं, बुटानं. फुटलेल्या मडक्यातली फुलं अंगणभर पसरायची आणि आत्या ती पुन्हा वेचायची. आमच्या त्या वस्तूला नाव एकच होतं: गावठी. ते जीपवाल्यांच्या तोंडात शिवीसारखं असायचं.

आणि इथं तोच वास. फुगीर ग्लासात. पांढऱ्या टेबलावर. त्याला नाव बार्लीवाईन, त्याच्यासाठी बाई मेव्याच्या पुड्या आणणार, साहेबलोक डोळे मिटून बसणार, आणि कुणीही जीप घेऊन येणार नाही. मी घोट घेतला. आधी गोड, जळत्या काकवीसारखं. मग मध्येच कडू, कडुलिंबाच्या काडीसारखं नाही, भाजक्या बदामाच्या सालीसारखं. मग छातीत कुणीतरी हळूच शेकोटी पेटवावी तसं. आणि शेवटी, घोट थुंकून झाल्यावरही, ती चव जाईना. मी चूळ भरली तरी जाईना. दुपारचा डबा खाल्ला तरी मागं कुठंतरी आत्या बसलेलीच.

"काय वाटलं?" आपानं विचारलं.

"चांगली आहे," मी म्हटलं. एवढंच. मनात म्हटलं, मरो.

कंपनीचे मोठे साहेब म्हणजे बोरुडे साहेब. बिडकीनकडचे, जमीनदार घरातले. तिकडची बरीच जमीन कंपन्यांत गेली तरी थोडी ठेवून होते आणि सांगायचे, "आमी शेतकरीच, ही नोकरी म्हंजे जोडधंदा." मला ते नावानं हाक मारायचे नाहीत. "ए गडचिरोली." बस्स. एकदा पाहुण्यांसमोर मला बोलावून म्हणाले, "हा बघा, जंगलातून आणलेला आमचा टेस्टर." पाहुणे हसले. मीही हसलो, कारण त्या वेळी मला पगार जाण्यापेक्षा जास्त भीती बाटल्यांच्या लाईनची होती. पण हसणं तोंडात ठेवलं आणि राग खाली टाकीत सोडला. तो तिथं बसला. यीस्ट बसतं तळाशी, तसा. यीस्टचं एक असतं, एका टाकीतून काढून दुसऱ्या टाकीत घातलं की पुन्हा जिवंत. विरजणासारखं.

जानेवारी लागला तसं साहेबांनी जाहीर केलं: कोपऱ्यातली टाकी आता अडवून ठेवता येणार नाही. संक्रांतीच्या दिवशी पॅनल बसेल. पॅनलला आवडली तर वेगळ्या बाटल्या, वेगळं लेबल. नाही आवडली तर स्ट्राँग बियरच्या मोठ्या टाकीत सोडून द्यायची, मिसळून जाईल, कुणाला कळणार नाही. आणि मग आपाची ती खोली, तो मेवा, ते ग्लास, सगळंच बंद. आपा नेहमीच्या लॅबला, मी बाटल्यांवर.

त्या दिवसांत आपानं मला दोनदा तेच ग्लास पुन्हा धुवायला लावले.

संक्रांतीची सकाळ मला अजून दिसते. वारा होता. गेटवर कुणीतरी झेंडूची माळ बांधलेली, ती एका बाजूनं सुटून फडफडत होती. चाखणीच्या खोलीचे नियम असतात: अत्तर नको, केसाला वासाचं तेल नको, चहा नको, सकाळपासून तोंडात काही नको. सगळे ते पाळून आलेले. टेबलावर फुगीर ग्लास मांडलेले, मी त्यांच्यावर झाकणं ठेवत होतो. आपा, भानुदास, विक्रीखात्यातली दोन माणसं. आणि मग बोरुडे साहेब आले, नव्या शर्टात, हातात स्टीलचा मोठा डबा.

"आधी तिळगूळ! घरच्या तिळाचा, घरच्या गुळाचा. आईनं पाठवलाय."

डबा फिरायला लागला. मी आपाकडं बघितलं. का बघितलं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. तिचा हात ग्लासावरून मागं गेला आणि ओढणीवर थांबला, एवढंच दिसलं. साहेब तिच्यासमोर उभे राहिले. "घ्या आपा. तिळगूळ घ्या, गोड बोला."

"तुमी बी गोड बोला, साहेब," आपा म्हणाली, आणि लाडू तोंडात टाकला. चावला. गिळला. बाई घोट गिळत नसे, पण लाडू गिळला.

मग डबा माझ्यासमोर. "घे रे गडचिरोली. गोड बोल आता वर्षभर."

माझ्या आत काय फिरलं कुणास ठाऊक. पाहुण्यांचं हसणं असेल, आत्याची मडकी असतील. मी म्हटलं, "नाय घेत."

"काऊन रे?" साहेबांनी माझ्या बोलीची नक्कल केली. खोली हसली.

"गोड बोलायचं नाय म्हणून."

हसणं थांबलं. भानुदासनं माझ्या पायावर पाय दिला. साहेबांचा चेहरा लाल झाला, पण सण होता; ते सणात अडकले होते. डबा बंद करत म्हणाले, "लई माज आलाय. बसा, सुरू करा."

ग्लास उचलले गेले. एकेकानं घोट घेतला, आणि एकेकाचं तोंड वाकडं झालं. "कडू आहे हो," विक्रीखात्यातला एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "पाणचट, आणि वरून नुसता दारूचा भपका." भानुदास म्हणाला, "आपा, मागं घेतलेली तव्हा अशी नव्हती. उतरली का काय?" पण सगळे गोड आवाजात. "प्रयत्न छान आहे हं आपा." "मेहनत दिसते." "लोकांना नाही झेपणार, एवढंच." इतक्या मऊ हातानं मी कुणाचा गळा दाबलेला पाहिला नाही.

मी घोट घेतला. माझ्या तोंडात काहीच नव्हतं, रात्रीपासून काहीच नाही. आणि ती आली, सगळी. काकवी, मनुका, भाजकी साल, शेकोटी, अंगण. दिवाळीपेक्षाही जास्त भरलेली, जास्त शांत. मला समजेना की हे लोक कशाबद्दल बोलतायत. माझी पाळी आली तेव्हा मला वाटलं, आता आपाचं ऋण फेडायची वेळ आहे, माझ्याकडं असलेला सगळ्यात मोठा शब्द काढावा. मी म्हटलं, "आमच्या मोहासारखी आहे. अस्सल."

साहेब खदखदून हसले. "ऐकलं का आपा? वर्ष घातलं अन् तुमी हातभट्टी काढली!" आणि टेबलावर हात आपटून उठले. "स्ट्राँगच्या टाकीत सोडा. मोठी टाकी रिकामी व्हायला रथसप्तमी उजाडंल, तवर पडू द्या."

आपा हसली. सगळ्यांना हसून निरोप दिला. मग बेसिनचा नळ सोडून ती बराच वेळ चूळ भरत राहिली.

दुपारी तिनं मला लॅबमध्ये बोलावलं. शेजारणीनं दिलेला तिळगूळ टेबलावर होता, चहाचे दोन कप होते. मी साहेबांवर चिडलो होतो, तिच्यावर नाही, म्हणून तिच्या हातून लाडू घेतला आणि वर चहा प्यायलो. चहा बेचव लागला, नुसतं कडवट गरम पाणी. मी म्हटलं, "आपा, साखर विसरल्या."

"साखर आहे," ती म्हणाली. "नेहमीएवढीच."

मी कप खाली ठेवला. ही काही शाळेत शिकवायची गोष्ट नाही. गोड खाऊन चहा प्यायला की चहा फिका लागतो, हे झाडीपट्टीत माहीत आहे, बिडकीनला माहीत आहे, शहागंजात माहीत आहे. त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. गुळानं भरलेल्या तोंडाला बार्लीवाईनचा गोडवा कसा लागणार? उरणार काय, तर कडू आणि भपका.

"तुम्हाला कळलं होतं," मी म्हटलं. "डबा आला तेव्हाच."

"हौ."

"मग बोलल्या का नाही?"

आपानं चष्मा काढून ओढणीला पुसला. "काय बोलू? संक्रांतीच्या दिवशी, नसरीन म्हणती, तिळगूळ खाऊ नका? साहेबांच्या आईनं पाठवलेला? तू नाय म्हटलास, लोक म्हणाले माज. मी नाय म्हटलं असतं तर लोक काय म्हणाले असते, सांग."

इतकी वर्षं ती या कंपनीत प्रत्येकापेक्षा एक लाडू जास्त गोड राहिली होती, म्हणून तिची एक टाकी होती. आणि त्या गोडीनंच आता ती टाकी जाणार होती. मला आधी साहेबांचा राग आला, मग तिचा, मग त्या कपाचा.

त्यानंतरचे दिवस फार वाईट होते. रोज कुणीतरी गोड बोलायचं. गेटवरचा वॉचमन, कँटीनवाला, ट्रकवाले. आणि कोपऱ्यात ती टाकी गप्प. मी रोज तिच्या अंगाला हात लावून जायचो, गार, घामेजलेली. मला ती आवडत नव्हती, हे खरं. पण ती मिसळून जाईल, कुणाला कळणार नाही, हे वाक्य मला झोंबत होतं. मीही या शहरात तसाच मिसळून गेलो असतो, कुणाला कळलं नसतं.

शेवटी मी गेलो. साहेब आवारात उभे राहून ड्रायव्हरांना तिळगूळ वाटत होते. मी समोर जाऊन म्हटलं, "साहेब, तिळगूळ खाऊन बियर चाखत नसतात."

"काय?"

"तुम्ही डबा फिरवला, सगळ्यांची तोंडं गूळ करून टाकली, आणि मग म्हणाला कडू आहे. बियर कडू नव्हती. तिळगूळ गोड होता."

ड्रायव्हर बघायला लागले. साहेबांनी डब्याचं झाकण लावलं, हळूहळू, चारही बाजूंनी दाबून. "मला शिकवतो? आमच्या घरी गुऱ्हाळ होतं. गोडाचं मला सांगतो?"

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला."

"आईनं दिलेलं परत नेऊ का मी? डबा न उघडता? त्या दिवशी?" ते ओरडले. आपानं जे सांगितलं होतं तेच त्यांनी सांगितलं होतं. मग त्यांनी आवाज खाली आणला, तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. "आपानं पाठवलं तुला?"

"त्यांनी पाठवलं असतं तर मी गोड बोललो असतो."

साहेबांनी डबा काखेत मारला. "रथसप्तमी होऊ दे," म्हणाले. "दुसऱ्या दिवशी पुन्हा बसू. कोऱ्या तोंडानं. आवडली नाय तर तूच आपल्या हातानं व्हॉल्व्ह उघडायचा. आन तवर तू बाटल्यांवर. जा."

मी बाटल्यांवर गेलो. काचेचा आवाज, पाण्याची वाफ, ओले बूट. आपाला माझा राग आला होता. "किसने बोला था तेरे कू?" एवढंच एकदा म्हणाली, जाता जाता.

रथसप्तमी झाली. दुसऱ्या दिवशी भानुदास लाईनवर आला. "चल, बुलावलंय. बूट तसेच राहू दे." खोलीत डबा नव्हता, हार नव्हता, कुणी कुणाला काही शुभ म्हटलं नाही. सगळ्यांचे चेहरे उपाशी माणसांचे असतात तसे. आपानं ओतलं. साहेबांनी ग्लास हातात धरला, ऊब दिली, नाकाशी नेला. घोट घेतला. आम्ही थुंकायची वाट बघत राहिलो. ते थुंकले नाहीत. दुसरा घोट घेतला. तोही गेला.

मग भिंतीकडं बघत म्हणाले, "काकवी हाय. कढईच्या कडेला लागती ती. जळकी. मी तिथं उभा राहून बोटानं खायचो."

"मोह आहे," मी म्हटलं.

"मोह-बिह काय नाय ह्याच्यात. काकवी."

"काकवी सुरुवातीला. मागं काय राहतं ते बघा."

"मागं बी काकवीच."

"मागं अंगण आहे, साहेब. वाळत घातलेलं."

"तुझं नाक फुटलंय."

"तुमचं गुळानं भरलंय. कायमचं."

भानुदास म्हणाला, "मला तर खारीक वाटली." आम्ही दोघंही त्याच्यावर ओरडलो. विक्रीखात्यातल्या माणसानं भीत भीत म्हटलं, जुन्या कपाटाचा वास येतो, सागवानी. त्यालाही साहेबांनी झापलं. त्या खोलीत मी असं कधी ऐकलं नव्हतं. लोक खरंच भांडत होते, ग्लास पुन्हा पुढं करत होते, एक घोट घेऊन आपलं म्हणणं बदलत होते आणि मग हट्टानं परत जुन्यावर येत होते. आपा मध्ये उभी. तिनं घोट घेतला, फिरवला, बेसिनमध्ये थुंकला आणि म्हणाली, "दोघं बी चूप. मनुका आहे. काळी."

"नाय," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

साहेबांनी ग्लास उलटा करून टेबलावर ठेवला. "टाकी राहू द्या," म्हणाले. आपाला नाही, मला नाही, भानुदासला. आणि दारातून वळून मला, "तू सुधारणार नायस."

मला तेव्हापासून वाटतं की चाखणं म्हणजे भांडणच असतं. ज्या वस्तूवर कुणी भांडत नाही ती कुणी चाखलेलीच नसते. आपानं मला नंतर धन्यवाद दिले नाहीत, मीही वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी ग्लास माझ्यापुढं होते आणि ती म्हणाली, "आस्ते घास. काच है वो." एवढ्यानं माझी मान पहिल्यांदा तिच्यासमोर सरळ राहिली.

आता ती रिटायर झाली आहे. शहागंजात भावाच्या पेढीवर दुपारची बसते. मी गेलो की मनुका तोलून झाल्यावर आणखी मूठभर टाकते आणि विचारते, "अजून मोह म्हणतोस?" मी म्हणतो, हो. ती म्हणते, "जाहिल. अडाणी." कंपनीत दर वर्षी कोपऱ्यातली टाकी भरते. चाखणीच्या खोलीबाहेर पाटी आहे, आपाच्या अक्षरातली: रथसप्तमीपर्यंत चाखणी बंद. नव्या लोकांना ती कशासाठी आहे ते कळत नाही. मी सांगत नाही.

काल संध्याकाळी दार वाजलं. मला वाटलं पोरी. हात पाठीमागे बांधून मी दार उघडलं तर बोरुडे साहेब. या उन्हाळ्यात तेही रिटायर होणार. चाळीचा जिना चढून दम लागला होता. हातात तोच स्टीलचा डबा. इतक्या वर्षांत ते माझ्या दारात कधी आले नव्हते.

"घे," म्हणाले.

"नाय घेत."

"आई गेली औंदा. हा मी केलाय."

मी डब्याकडं बघितलं. लाडू ओबडधोबड होते, एक फुटलेला, पाक जळलेला. मी हात सोडले, डबा घेतला, झाकण लावून मांडणीवर ठेवला. "चाखणी झाल्यावर खाईन," म्हटलं. "रथसप्तमीनंतर."

त्यांनी मान हलवली. आत या म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही, त्यांनीही वाट बघितली नाही. जिन्याच्या वळणावर थांबून त्यांनी वर बघितलं.

"काकवीच हाय ती," म्हणाले.

"मोह," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.